दोष घामाचा नव्हता : काखेतल्या गळवाची गोष्ट



आपल्या कार्यक्रमाच्या प्रश्नपेटीत मागच्या महिन्यात एक चिठ्ठी आली. खाली नाव नव्हतं. लिहिलं होतं : ‘ताई, मला सहा वर्षांपासून काखेत आणि जांघेत गळवं होतात. एक बसलं की दुसरं उठतं. फुटलं की वास येतो. कपड्याला डाग पडतात म्हणून मी लग्नकार्याला जाणं सोडलंय. घरातले म्हणतात, नीट आंघोळ करत जा. मी दिवसातून दोनदा आंघोळ करते, साबणानं घासते, तरी होतातच. माझं काय चुकतं?’

आजचं बोलणं या एका प्रश्नासाठी आहे. उत्तर अगोदरच सांगून टाकते : ताई, तुमचं काही चुकत नाही. पण एवढ्यानं तुमच्या घरच्यांचं समाधान होणार नाही. त्यांनी ऐकलेलं असतं की गळू घामानं होतं, घाणीनं होतं. हा समज एकट्या आपल्या गावाचा नाही. हा आजार घामाच्या ग्रंथींचा आहे, असं मोठमोठ्या डॉक्टरांच्या पुस्तकांतही शंभराहून जास्त वर्षं लिहिलेलं होतं. तो समज पुस्तकांत कसा शिरला आणि बाहेर कसा निघाला, ते आज सांगते. ते कळलं की उपचाराचं काय करायचं, तेही कळेल.

आधी आजाराची ओळख करून घेऊ. काखेत गळू झालं की आपण काखमांजरी झाली म्हणतो. एखादं गळू कुणालाही होतं. पिकतं, फुटतं, आठ-पंधरा दिवसांत बरं होतं, आणि आपण विसरून जातो. चिठ्ठीतल्या ताईंचं तसं नाही. त्यांची गळवं परत परत येतात, आणि ठरावीक जागीच येतात : काखेत, जांघेत, स्तनांच्या खाली, ढुंगणावर, म्हणजे जिथे कातडीला घडी पडते आणि कातडीवर कातडी घासते तिथे. कातडीखाली दुखरी गाठ होते, ती फुटून पू येतो, वर व्रण राहतो, आणि काही वर्षांनी एका गाठीतून दुसऱ्या गाठीत आतल्या आत वाट तयार होते. या आजाराचं डॉक्टरी नाव हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा. जीभ अडखळते, म्हणून डॉक्टरही नुसतं एच.एस. म्हणतात. आपणही तेच म्हणू.

ही गोष्ट सुरू होते फ्रान्स देशात. १८३९ साली तिथले शल्यचिकित्सक, म्हणजे ऑपरेशन करणारे डॉक्टर, आल्फ्रेड व्हेल्पो यांनी एका रोग्याचं वर्णन लिहिलं. काखेत, छातीवर आणि गुदद्वाराच्या आसपास गळवं उठत होती. जागा अशा विशिष्ट आहेत, हे त्यांनी टिपलं. पुढे पॅरिसमधलेच दुसरे शल्यचिकित्सक आरिस्तीद व्हेर्नय यांनी १८५४ पासून दहा-अकरा वर्षं या आजारावर लिहिलं. त्यांनी विचार असा केला : काखेत काय असतं? घामाच्या ग्रंथी. जांघेत काय असतं? घामाच्या ग्रंथी. मग हा घामाच्या ग्रंथींचाच आजार असला पाहिजे. त्यांनी नाव दिलं तेही तसंच. हायड्राडेनायटिस या शब्दात ग्रीक भाषेतले दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ घाम, दुसऱ्याचा अर्थ ग्रंथी. सप्युरेटिव्हा म्हणजे पू होणारा. घामाच्या ग्रंथींना सूज येऊन पू होणारा आजार, असं ते नाव. फ्रान्समध्ये तर या आजाराला आजही व्हेर्नयचा आजार म्हणतात.

व्हेर्नय हुशार डॉक्टर होते. रोगी त्यांनी बारकाईनं पाहिले होते. फक्त त्या गाठीचा तुकडा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी तपासला नव्हता. जागा पाहून त्यांनी कारण ठरवलं. शेतात पाणी साचलं म्हणून आपण पावसाला दोष द्यावा आणि पाईप कुठे फुटलाय ते बघायचं राहून जावं, तसं झालं.

त्याच काळातल्या एका प्रसिद्ध माणसाची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. कार्ल मार्क्स हे नाव तुम्ही ऐकलं असेल. कामगारांच्या श्रमाचा आणि मालकांच्या नफ्याचा हिशोब मांडणारा ‘भांडवल’ हा त्यांचा ग्रंथ. त्याचा पहिला भाग १८६७ साली निघाला. लंडनमध्ये बसून तो लिहीत असताना मार्क्स गळवांनी हैराण झाले होते. कधी बसता येत नसे, कधी कामच बंद पडे. मित्र एंगल्स यांना लिहिलेल्या पत्रांत या दुखण्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. त्यांनी औषध म्हणून सोमल घेतला, म्हणजे आर्सेनिक, ते विषच. समुद्रकाठी हवापालटाला जाऊन राहिले. एकदा तर वैतागून स्वतःच धारदार वस्तरा घेतला आणि गळू कापलं. आपल्या या गळवांची आठवण श्रीमंतांना मरेपर्यंत राहील, असंही त्यांनी एका पत्रात चिडून लिहिलंय.

२००७ साली इंग्लंडमधले त्वचारोगतज्ज्ञ सॅम शूस्टर यांनी ती सगळी पत्रं नीट वाचली. गळवं कुठे कुठे होत होती, किती वर्षं येत राहिली, हे पाहून त्यांनी मत मांडलं की मार्क्स यांना साधी गळवं नव्हती, एच.एस. होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आता तपासता येत नाही, म्हणून हा अंदाजच म्हणायचा. पण शूस्टर यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. या आजारानं माणूस स्वतःलाच किळसवाणा वाटू लागतो, चिडचिडा होतो, लोकांपासून लांब राहू लागतो, आणि मार्क्स यांच्या पत्रांत ते सगळं दिसतं. मैत्रिणींनो, जगभर नाव झालेल्या माणसाची ही अवस्था, तर लग्नकार्याला जाणं सोडणारी आपली ताई काही जगावेगळी नाही.

आता परत डॉक्टरांकडे येऊ. १९२२ साली जर्मनीतले शास्त्रज्ञ शिफरडेकर यांनी घामाच्या ग्रंथींचे दोन प्रकार वेगळे केले. एक प्रकार अंगभर असतो, त्यातून पाण्यासारखा घाम येतो आणि अंग थंड होतं. दुसरा प्रकार मुख्यतः काखेत आणि जांघेत असतो, आणि तो वयात आल्यावर कामाला लागतो. एच.एस. सुद्धा वयात आल्यावरच सुरू होतो आणि त्याच जागी होतो. मग शंकाच उरली नाही. हा दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींचा आजार, असं ठरून गेलं. चुकीच्या समजाला आता शास्त्राचा टेकू मिळाला.

आणि घाम म्हटलं की माणसं पुढचं आपोआप जोडतात. घाम म्हणजे वास, वास म्हणजे घाण, घाण म्हणजे आंघोळ न करणारी बाई. हे शेवटचं कुठल्या डॉक्टरानं लिहायची गरज पडली नाही. ते घराघरांत बोललं गेलं.

समज हलायला सुरुवात झाली ती अमेरिकेत. १९३९ साली मेयो क्लिनिकमधले डॉक्टर ब्रन्स्टिंग यांनी अनेक रोग्यांची माहिती एकत्र केली. त्यांच्या लक्षात आलं की यातल्या काहींच्या चेहऱ्यावर आणि पाठीवर मोठ्या मोठ्या मुरमांचाही त्रास आहे, काहींच्या डोक्याच्या कातडीतही तशाच गाठी आहेत. मुरूम घामाच्या ग्रंथीत होत नाही, तो केसाच्या मुळापाशी होतो. मग हे दोन्ही एकाच माणसाला का व्हावेत?

१९५५ साली शेली आणि कान या दोन डॉक्टरांनी एक प्रयोग केला. बारा पुरुषांच्या काखेतले केस त्यांनी उपटले आणि तिथे औषध लावलेली चिकटपट्टी लावून छिद्रं बंद केली. बारापैकी तिघांच्या काखेत अगदी एच.एस.सारख्या गाठी आल्या. छिद्र बंद झालं की गाठ होते, हे यातून दिसलं. तरीही ते डॉक्टर घामाच्या ग्रंथीलाच धरून राहिले. याचं कारणही समजण्यासारखं आहे. काखेतली ती घामाची ग्रंथी आपला घाम थेट कातडीवर सोडत नाही. ती केसाच्या छिद्रात सोडते. केस आणि ग्रंथी, दोघांचं दार एकच. दार बंद झाल्यावर आत कुणाचं बिघडलं, हे बाहेरून कसं ओळखायचं?

ओळखलं सूक्ष्मदर्शकानं. १९९० साली इंग्लंडमधल्या यू आणि कुक या डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या कातडीचे तुकडे तपासले. बहुतेक तुकड्यांत बिघाड केसाच्या मुळापासून सुरू झालेला होता. घामाच्या ग्रंथी बऱ्याच ठिकाणी धडधाकट होत्या. कुठे सूज होतीच, तर ती शेजारची आग घराला लागावी तशी नंतर पसरलेली. व्हेर्नय यांच्या पहिल्या लेखानंतर १३६ वर्षांनी ही गोष्ट कागदावर आली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८९ साली, जर्मनीतल्या प्लेविग आणि श्टायग्लेडर यांनी आजाराचं नावच बदलावं असं सुचवलं होतं. त्यांनी सुचवलेल्या नावाचा अर्थ ‘उलट्या जागी होणारं मुरूम’ असा होतो, म्हणजे चेहरा सोडून घडीत होणारं. पण जुनं नाव इतकं मुरलं होतं की ते गेलं नाही. चूक कळली, नाव राहिलं.

आपल्या भाषेत गळवाला आणखी एक शब्द आहे, तुम्हाला ठाऊकच आहे : केसतूड. केस तुटून त्याच्या मुळाशी होतो तो फोड. केसतूड हा साधा फोड, आणि एच.एस. हा वेगळा, वर्षानुवर्षं चालणारा आजार. दोन्ही एक नव्हेत. पण फोड केसाच्या मुळाशी धरतो, हे आपल्या आज्या-पणज्यांनी शब्दातच सांगून ठेवलं होतं.

आता आत नेमकं काय होतं, ते बघा. केस ज्या नळीतून उगवतो, त्या नळीचं तोंड कातडीच्या पेशी जास्त वाढल्यामुळे बुजतं. आत माल साचतो, नळी फुगते आणि कातडीच्या आत फुटते. बाहेर फुटली असती तर साधा फोड झाला असता. आत फुटल्यामुळे शरीराला वाटतं, कुणी परकं घुसलं. शरीराचे राखणदार धावून येतात आणि गरजेपेक्षा जास्त मारामारी करतात. ती आग, ती सूज, तो पू हा त्या मारामारीचा. जंतू त्यात नंतर वस्तीला येतात आणि वास त्यांच्यामुळे येतो. म्हणून वरून कितीही साबण लावला तरी तो वास जात नाही. उलट जोरात घासल्यानं कातडी अजून दुखावते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा आजार असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या सवयींची तुलना केली होती. काखेतले केस काढणं किंवा वास घालवणारी औषधं लावणं यात दोघांमध्ये म्हणावा असा फरक सापडला नाही.

मग हा आजार एकीला होतो आणि दुसरीला होत नाही, असं का? काही अंशी तो रक्तातून येतो. साधारण तीनपैकी एका रोग्याच्या जवळच्या नात्यात हाच आजार आढळतो. २०१० साली चीनमधल्या शास्त्रज्ञांना काही कुटुंबांत त्याला कारण होणारा जनुकातला बदलही सापडला. म्हणून आईला, मावशीला, भावाला असं काही होतं का, हे विचारून ठेवा. वजन जास्त असणं आणि बिडी-सिगारेट ओढणं यांचाही संबंध दिसून आला आहे. अनेकींना पाळीच्या आसपास त्रास वाढतो. युरोप-अमेरिकेत हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जवळपास तिप्पट दिसतो. जपान-कोरियात मात्र पुरुषांत जास्त दिसतो. एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे : हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एकत्र जेवल्यानं नाही, एका अंथरुणावर झोपल्यानं नाही, नवरा-बायकोच्या संबंधातूनही नाही. जांघेत गळवं आली म्हणून बाईच्या वागण्यावर बोट ठेवणाऱ्यांना हे ठामपणे सांगा.

आता उपचारांचा इतिहास. तोही चुका दुरुस्त करत करतच पुढे आला आहे. सुरुवातीला एकच उपाय होता, चिरा देऊन पू काढायचा. त्यानं दुखणं त्या दिवशी कमी होतं, यात शंका नाही. पण एच.एस.मध्ये नुसत्या चिऱ्यानंतर गळू जवळजवळ नक्की परत येतं. का येतं, ते आपल्याला शेतावरून कळेल. घुशीनं बांध पोखरला तर आपण वरच्या भोकात मातीचं ढेकूळ कोंबतो का? घूस दुसरीकडून निघते. बीळ पूर्ण उघडावं लागतं. १९५९ साली मलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच कातडीवर करायला सांगितलं. आतल्या वाटेचं छप्पर काढून टाकायचं, तळ साफ करायचा आणि जखम तळापासून वर भरू द्यायची. ही शस्त्रक्रिया जागा बधिर करूनही करता येते. पुढे काही वर्षं ती मागे पडली होती. आता ती पुन्हा मोठ्या प्रमाणावर केली जाते. आजार फार पसरला असेल तर ती सगळी कातडी काढावी लागते, मग कधी दुसरीकडची कातडी आणून लावतात.

१९८९ साली अमेरिकेतले डॉक्टर हर्ली यांनी आजाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या. त्या आजही वापरतात. पहिली पायरी : गाठी येतात, पण आत वाटा नाहीत, व्रण नाहीत. दुसरी : गाठी परत परत, एकमेकींपासून दूर, काही वाटा आणि व्रण तयार झालेले. तिसरी : संपूर्ण काख किंवा जांघ वाटांनी आणि व्रणांनी भरलेली. या पायऱ्या लक्षात ठेवायचं कारण असं, की पहिल्या पायरीवर औषधानं पुष्कळ आवरता येतं. तिसऱ्या पायरीवर सुरीशिवाय मार्ग कठीण.

औषधांत आधी लावायचं क्लिंडामायसिन येतं, मग काही आठवडे घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या. त्यानं भागलं नाही तर क्लिंडामायसिन आणि रिफॅम्पिसिन ही जोडी साधारण दहा-बारा आठवडे देतात. रिफॅम्पिसिन हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल, कारण ते टीबीचं औषध आहे. ते मनानं कधीच घ्यायचं नाही. त्यानं लघवी केशरी होते, त्याला घाबरायचं नाही. पण गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्यानं कमी होतो, ही गोष्ट बाईला माहीत असलीच पाहिजे. दिवस गेले असतील किंवा जाण्याची शक्यता असेल, तर डॉक्टरांना पहिल्यांदा ते सांगा. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात टाळतात. अॅसिट्रेटिन नावाची एक गोळी तर बाळाला गंभीर व्यंग आणू शकते, आणि बंद केल्यावरही तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात. एखादी गाठ खूपच ठणकत असेल तर तिच्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, दोन-तीन दिवसांत आराम पडतो. पाळी अनियमित असेल, अंगावर लव वाढली असेल, तर त्याची वेगळी तपासणी करून औषध देतात. साखरही तपासून घ्यावी.

२०१५ साली मोठी गोष्ट घडली. अडॅलिमुमॅब नावाच्या इंजेक्शनला युरोप आणि अमेरिकेत एच.एस.साठी मान्यता मिळाली. मघाशी मी राखणदारांची मारामारी म्हटलं ना, ती थोपवणारं हे औषध. खास या आजारासाठी मंजूर झालेलं ते पहिलं. त्याच औषधाची कमी किमतीची आवृत्ती आपल्या देशात अहमदाबादच्या झायडस कंपनीनं त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०१४ मध्ये, सांधेदुखीच्या आजारासाठी बाजारात आणली होती, जगात सर्वांत आधी. तरीही हा खर्च गरिबाच्या घराला जड आहे, हे खरं. आणि एक सावधगिरी आपल्या देशात फार महत्त्वाची : हे इंजेक्शन देण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे, कारण अंगात दबून बसलेला टीबी त्यानं डोकं वर काढू शकतो. २०२३ साली अमेरिकेत सेक्युकिनुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनलाही या आजारासाठी मान्यता मिळाली.

इतकं सगळं असूनही बाईला योग्य नाव कळायला फार उशीर होतो. अनेक देशांत पाहणी झाली तेव्हा दिसलं की आजार सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी सात वर्षांहून जास्त काळ जातो. सात वर्षांत पहिल्या पायरीवरची बाई तिसऱ्या पायरीवर जाऊ शकते. उशीर होण्याचं अर्धं कारण डॉक्टरांकडे असतं. दर वेळी वेगळा डॉक्टर, दर वेळी ‘साधं गळू’ म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या. उरलेलं अर्धं कारण जागा. काख दाखवायची लाज, जांघ दाखवायची तर त्याहून जास्त.

म्हणून तीन प्रश्न लक्षात ठेवा. एक : गाठी दुखऱ्या, खोल आणि पू येणाऱ्या आहेत का? दोन : त्या काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा ढुंगणावर आहेत का? तीन : सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा आल्या का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर घरी बसू नका. घरातल्या कॅलेंडरवर खूण करायला लागा : कोणत्या तारखेला, कुठे, किती दिवस, पाळी कधी. ते कॅलेंडर घेऊनच दवाखान्यात जा आणि हे वाक्य सांगा : ‘डॉक्टर, मला एकाच जागी परत परत गळवं येतात, इतकी वर्षं झाली. हा एच.एस. आहे का, ते बघा.’ प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाची चिठ्ठी मागून घ्या. बाई डॉक्टर किंवा सिस्टर जवळ असावी, असं मागायला संकोच करू नका. टीबीच्या गाठीही काखेत होतात, म्हणून तपासणी डॉक्टरांनीच करायची, शेजारणीनं नाही.

घरी काय करायचं? कोमट पाण्यात फडकं पिळून दिवसातून दोन-तीन वेळा शेक द्या. हलक्या हातानं धुवा, घासू नका. ब्लाउज काखेत सैल शिवून घ्या, कपडा सुती असू द्या. त्रास चालू असताना तिथे ब्लेड फिरवू नका. वजन जास्त असेल तर थोडं थोडं कमी करा. बिडी-सिगारेट कुणी ओढत असेल तर ती सोडा.

आणि काय करायचं नाही? सुईनं, काट्यानं, ब्लेडनं फोडायचं नाही. पिळायचं नाही. बिब्बा तर अजिबात लावायचा नाही. बिब्ब्यानं कातडी भाजते आणि एका जखमेच्या दोन होतात. मेडिकलमधून मनानं गोळ्या आणायच्या नाहीत, आणि डॉक्टरांनी दिलेल्या मध्येच सोडायच्या नाहीत. ताप आला, लाली झपाट्यानं पसरली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वर्षानुवर्षं न भरलेली जखम अचानक वाढू लागली तर ती लगेच दाखवायची, कारण अशा जुन्या जखमेत क्वचित कर्करोग होऊ शकतो.

खरं ते सांगते : हा आजार मुळापासून कायमचा घालवणारी गोळी आज नाही. पण तो आवरता येतो. साखर आवरतात, रक्तदाब आवरतात, तसा. जितक्या लवकर सुरुवात, तितके व्रण कमी.

बचत गटाच्या बैठकीत आपण कर्जाचा हप्ता विचारतो, पिकाचं विचारतो. एखादी बाई हात वर न करता बसत असेल, कडेला बसत असेल, बैठकीला येईनाशी झाली असेल, तर तिलाही एकदा बाजूला घेऊन विचारा. हसू नका, नाक मुरडू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात कुणीतरी जा. गटाच्या रकमेतून तिचं गाडीभाडं निघत असेल तर तेही काढा.

आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या ताई, तुम्ही ऐकत असाल तर तुमच्यासाठी. सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं तेव्हा घामाच्या ग्रंथी बऱ्याच ठिकाणी धडधाकट निघाल्या. मोठ्या डॉक्टरांनी शंभराहून जास्त वर्षं ज्याच्यावर ठपका ठेवला, त्या घामाचा दोष नव्हता. तुमच्या आंघोळीचा तर नव्हताच. घरच्यांना हे बोलणं ऐकवा. आणि येत्या आठवड्यात कॅलेंडर घेऊन दवाखान्यात जा.